उत्तर काढायचंच नाही, तर मग सोडवायचं काय?

पत्र थोडक्यात: नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या आणि मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या २८ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. एका वर्षाच्या मॅनेजमेंट अभ्यासक्रमासाठी त्या जीमॅट या प्रवेश परीक्षेची तयारी करत आहेत. परीक्षा नऊ आठवड्यांवर आली आहे. दहावीपर्यंतचं शिक्षण भंडारा जिल्ह्यात, मराठी माध्यमातून झालं. वडील गणिताचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते आता त्यांच्याकडेच असतात. बाकी गणित जमतं, पण ‘डेटा सफिशियन्सी’चे प्रश्न, म्हणजे दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही एवढंच ठरवायचे प्रश्न, चुकतात. मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारी संख्या) आणि उत्पन्नगट आले की हमखास चुकतात, आणि एकेका प्रश्नाला सहा-सात मिनिटं जातात. यजमान म्हणतात, क्लास लाव. फी पन्नास हजारांच्या घरात आहे. वडील म्हणतात, पाया कच्चा राहिला, दहावीचं पुस्तक पुन्हा काढ. एकदा त्यांनी वहीत डोकावून विचारलं, “बेटा, उत्तर न काढता उत्तर कसं लिहून राहिली तू?” त्याला काय सांगावं ते सुचलं नाही आणि तेव्हापासून आपण गणितात कच्च्याच आहोत असं त्यांना वाटतं आहे. क्लास लावू, बाबांचं ऐकू, की हे प्रश्न सोडूनच देऊ, असं त्या विचारतात. सोबत चुकलेला एक प्रश्न आणि कच्च्या कामाची दोन पानं पाठवली आहेत.

प्रश्न असा: एका वसाहतीत ७५ कुटुंबं आहेत. त्यांच्या मासिक उत्पन्नाचा मध्यक ३०,००० रुपयांपेक्षा कमी आहे का?
विधान १: ४० कुटुंबांचं उत्पन्न २५,००० रुपयांपेक्षा कमी आहे.
विधान २: ७५ कुटुंबांचं सरासरी उत्पन्न ४२,००० रुपये आहे.
पर्याय: ए, फक्त पहिलं विधान एकटं पुरेसं; बी, फक्त दुसरं एकटं पुरेसं; सी, दोन्ही एकत्र घेतली तरच पुरेशी; डी, प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसं; ई, दोन्ही एकत्र घेऊनही अपुरी.

दोन्ही विधानं एकत्र घेतली तरच माहिती पुरते, असं उत्तर त्यांनी दिलं. ते चुकलं.

*

प्रिय मैत्रिणी,

तुझी कच्च्या कामाची दोन पानं मी आधी पाहिली आणि पत्र नंतर वाचलं. पानांवर तू ७५ ला ४२,००० ने गुणून ३१,५०,००० काढलेस. मग ४० कुटुंबांचे जास्तीत जास्त १० लाख धरून ते वजा केलेस, उरलेल्या २१,५०,००० ला ३५ ने भागलंस आणि ६१,४२८ वर येऊन थांबलीस. दोन्ही पानांत आकडेमोडीची एकही चूक नाही. त्यामुळे पत्रात ‘मी गणितात कच्ची आहे’ हे वाक्य वाचलं तेव्हा मला ते पटलं नाही. कच्च्या माणसाची पानं अशी नसतात. ही पानं एका फार चांगल्या विद्यार्थिनीची आहेत, जिने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मन लावून काढलं आहे.

आता तोच प्रश्न पुन्हा बघू, फक्त हातातला पेन खाली ठेवून. ७५ कुटुंबं उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने एका रांगेत उभी केली तर मधोमध कोण येईल? ३८ वं कुटुंब. त्याच्या अलीकडे ३७, पलीकडे ३७. मध्यक म्हणजे त्या एका कुटुंबाचं उत्पन्न. पहिलं विधान सांगतं की रांगेतल्या पहिल्या ४० जणांचं उत्पन्न २५,००० च्या आत आहे. ३८ वा त्या ४० मध्येच आला. म्हणजे मध्यक २५,००० पेक्षा कमी, मग ३०,००० पेक्षा कमी तर झालाच. नेमका किती, ते कळलं नाही. ते कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या विधानाकडे जाताना पहिलं पूर्ण विसरायचं. नुसती सरासरी ४२,०००. सगळ्या ७५ कुटुंबांचं उत्पन्न बरोबर ४२,००० असू शकतं, तेव्हा मध्यकही ४२,००० आणि उत्तर ‘नाही’. किंवा ६० कुटुंबांचं २०,००० आणि १५ कुटुंबांचं १,३०,००० असू शकतं. बेरीज करून बघ, १२ लाख अधिक साडेएकोणीस लाख, साडेएकतीस लाखच होतात. इथे मध्यक २०,००० आणि उत्तर ‘हो’. एकाच विधानातून ‘हो’ही निघतं आणि ‘नाही’ही, म्हणून ते अपुरं. पर्याय ए, पहिलं विधान एकटं पुरेसं. यात मिनिट-दीड मिनिटाच्या वर वेळ जायचं कारण नाही.

तू अडकलीस ती जागा मला पानांवर स्पष्ट दिसते. पहिल्या विधानातून ‘हो’ मिळाल्यावरही तुला चैन पडलं नाही, कारण हातात आकडा नव्हता. आकडा मिळावा म्हणून तू सरासरीला बोलावलंस. ही सवय तुला कुठून लागली हे तुझ्या पत्रातच आहे. ज्या घरात वडील गणिताचे मास्तर, तिथे ‘पायऱ्या लिही, उत्तराखाली दोन रेघा मार’ हे लहानपणापासून कानावर पडतं. ती शिकवण चुकीची नाही, तुझी आकडेमोड इतकी स्वच्छ आहे ती तिच्यामुळेच. पण तिच्यामागे एक गृहीतक असतं: प्रश्न दिला म्हणजे उत्तर निघतंच, आणि ते काढणं हेच काम. शाळेच्या पुस्तकातला प्रत्येक प्रश्न सुटणारा असतो. या परीक्षेतला हा प्रकार मात्र तुला आकडेमोड करणाऱ्याच्या जागी बसवतच नाही. समोर आलेल्या कागदपत्रांवर निर्णय घेता येईल की आणखी माहिती मागवावी लागेल, हे ठरवणाऱ्या माणसाच्या जागी बसवतो. तुला पुढे मॅनेजमेंटच करायचं आहे ना? मग तुझं काम रोज हेच असणार आहे.

म्हणून बाबांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: उत्तर न काढता उत्तर लिहिता येतं, कारण विचारलंय ते ‘किती?’ असं नाही, ‘कळेल का?’ असं आहे. त्यांना हे वाईट वाटणार नाही. उलट त्यांनी आयुष्यभर पेपर काढलेत. ‘या गणितात एवढी माहिती दिली तर ते सुटेल का’ हा विचार प्रश्नपत्रिका काढणारा प्रत्येक मास्तर करतोच. तुझे बाबा हे काम तुझ्याआधी कित्येक वर्षं करत आलेत, फक्त त्यांनी त्याला हे नाव दिलं नसेल.

मराठी माध्यमाबद्दलही बोलायला हवं, कारण पत्रात तू ते तीनदा लिहिलं आहेस. आपल्या दहावीच्या ‘सांख्यिकी’ प्रकरणात मध्य, मध्यक आणि बहुलक तिन्ही येतात. ‘मध्यक’ हा शब्द स्वतःच सांगतो की मधला कोण ते बघ. कल्पनेच्या बाबतीत तू कुणाच्या मागे नाहीस. मागे पडत असशील तर इंग्रजी वाक्यातल्या बारीक शब्दांवर. ‘ॲट लीस्ट २०’ म्हणजे २० किंवा जास्त, ‘नो मोअर दॅन २०’ म्हणजे २० किंवा कमी, ‘लेस दॅन २०’ म्हणजे २० सुद्धा नाही. ‘मोअर दॅन हाफ’ आणि ‘ॲट लीस्ट हाफ’ यांतल्या फरकावर तर मध्यकाचे किती तरी प्रश्न उभे असतात. असे दहा-बारा शब्दप्रयोग एका कार्डावर लिही, समोर मराठीत अर्थ आणि चिन्ह मांड. एका संध्याकाळचं काम आहे. त्यासाठी माध्यमाचा न्यूनगंड बाळगायची गरज नाही, आणि क्लासची तर नाहीच नाही.

आता उत्पन्नगटांकडे येते, कारण खरी गोम इथे आहे.

वर्गीकृत सारणीवरून, म्हणजे कुटुंबं गटागटांत मोजलेल्या तक्त्यावरून, मध्यक काढायचं सूत्र तुला पाठ असणार: मध्यक वर्गाची खालची मर्यादा, अधिक एकूण वारंवारतेच्या (म्हणजे एकूण कुटुंबांच्या) निम्म्यातून मागची संचित वारंवारता (मागच्या सगळ्या वर्गांतली कुटुंबं) वजा करून, वर्गाच्या वारंवारतेने भागून, वर्गांतराने गुणलेलं. सूत्र उत्तम आहे, पण त्याच्या पोटात एक गृहीत दडलेलं आहे. त्या वर्गातली सगळी कुटुंबं खालच्या मर्यादेपासून वरच्या मर्यादेपर्यंत सारख्या अंतराने पसरली आहेत असं ते धरून चालतं. म्हणून त्यातून निघतो तो अंदाज असतो. सारणी दिली की मध्यक निघतोच, ही सवय त्या सूत्राने आपल्या सगळ्यांना लावली आहे. खरं तर नुसत्या सारणीवरून नेमका मध्यक सहसा कळत नाहीच. कळतो तो फक्त मध्यकाचा गट.

एक उदाहरण मी तुझ्यासाठीच रचलं आहे. ६१ कुटुंबं आहेत. २०,००० पेक्षा कमी उत्पन्नाची १४. २०,००० ते ३०,००० च्या आतली ‘क्ष’. ३०,००० ते ४०,००० च्या आतली ‘य’. आणि ४०,००० किंवा त्याहून जास्त उत्पन्नाची ११. मध्यक कोणत्या गटात पडतो? विधान १: क्ष १५ पेक्षा कमी आहे. विधान २: य ही क्ष च्या दुप्पट आहे.

विधानांना हात लावण्याआधी प्रश्नातच काय दिलंय ते बघ. ६१ पैकी १४ आणि ११ गेले, म्हणजे क्ष आणि य मिळून ३६. रांगेतला मधला ३१ वा. आता मनातल्या मनात विचार: ३१ वा माणूस दुसऱ्या गटात यायचा असेल तर १४ अधिक क्ष किमान ३१ व्हायला हवं, म्हणजे क्ष किमान १७ हवा. तो कमी पडला तर ३१ वा तिसऱ्या गटात जातो, कारण पहिल्या तीन गटांत मिळून ५० जण आहेतच. म्हणजे सगळा प्रश्न एवढ्यावर आला: क्ष १७ तरी आहे का?

पहिलं विधान म्हणतं, १५ पेक्षा कमी. झालं. क्ष ५ असो, १२ असो, १४ असो, मध्यक तिसऱ्याच गटात. क्ष कळला नाही, तरी विधान पुरेसं. माझी खात्री आहे, तू हे विधान ‘क्ष निघत नाही’ म्हणून बाद केलं असतंस. दुसऱ्या विधानावरून क्ष १२ आणि य २४. तेही एकटं पुरेसं. नुसतं गुणोत्तर दिसतं म्हणून लोक त्याला अपुरं समजतात, पण ३६ ही बेरीज प्रश्नातूनच मिळाली होती. दोन्ही विधानं स्वतंत्रपणे पुरेशी, म्हणून पर्याय डी.

याच सारणीवर प्रश्न जरा बदलून ‘मध्यक नेमका किती?’ असा विचारला तर? क्ष १२ आणि य २४ धरून सूत्र लाव, ३१,८७५ येतात. सुबक आकडा आहे. पण ३१ वं कुटुंब तिसऱ्या गटातलं पाचवं आहे एवढंच आपल्याला ठाऊक आहे. त्याचं उत्पन्न ३०,२०० असू शकतं, ३९,००० ही असू शकतं. म्हणजे दोन्ही विधानं एकत्र घेऊनही अपुरी, पर्याय ई. सारणी तीच, विधानं तीच, प्रश्नातला एक शब्द बदलला आणि डी चा ई झाला. तुझ्या हुकलेल्या प्रश्नांतले निम्मे तरी इथेच हुकले असावेत असं मला वाटतं.

संख्या सम असेल तर आणखी जपून. ४० कुटुंबं असली तर मधला एक नसतो. २० व्या आणि २१ व्या कुटुंबाच्या उत्पन्नाची सरासरी घ्यावी लागते. समज प्रश्न आहे, मध्यक ३०,००० पेक्षा कमी आहे का, आणि विधान आहे, बरोबर २० कुटुंबांचं उत्पन्न ३०,००० पेक्षा कमी आहे. अर्धे आले म्हणून झालं असं वाटतं ना? २० वं २८,००० आणि २१ वं ३०,५०० असेल तर मध्यक २९,२५०. २० वं २९,००० आणि २१ वं ३५,००० असेल तर ३२,०००. अपुरं. २० च्या जागी २१ असते तर पुरेसं, उत्तर ‘हो’. आणि २० च्या जागी बरोबर १९ असते तर? तेव्हा २० वं आणि २१ वं दोन्ही ३०,००० किंवा त्याहून वर, म्हणजे मध्यक ३०,००० पेक्षा कमी नाही हे नक्की. उत्तर ठाम ‘नाही’. ठाम ‘नाही’ हेसुद्धा पुरेसंच असतं! ‘नाही’ आलं की विधान बाद करायचं, ही चूक मी शिकवणी घेत होते तेव्हा सगळ्यात हुशार मुलांच्या वह्यांत पाहिली आहे. अपुरं ते, जे कधी ‘हो’ म्हणतं आणि कधी ‘नाही’.

सरासरी आणि मध्यक यांचं नातं सूत्राने नाही, डोळ्यांनी बघ. तर्री पोह्यांच्या गाडीवर पाच मित्र उभे आहेत. पगार हजारांत १८, २२, २६, ३१ आणि ३८. मध्यक २६ हजार, सरासरी २७ हजार. पाचव्याला मोठी नोकरी लागली आणि ३८ चे ३८० झाले. सरासरी एकदम ९५,४०० वर गेली. मध्यक? अजून २६ हजारच. बाकीच्या चौघांच्या ताटलीत एक चमचा तर्रीही वाढली नाही, आणि मध्यकाला ते कळतं. उत्पन्नाबद्दल बोलताना जाणकार मध्यकाकडे आधी का बघतात ते यात आलं. शेवटचा गट ‘४०,००० आणि त्यापुढे’ असा उघडा असला तर सरासरी काढता येत नाही, पण मध्यकाचा गट तरीही सापडतो, तेही याचमुळे. मध्यकाला रांगेतली जागा हवी असते, टोकाचे आकडे नकोत.

पण यावरून ‘सरासरीवरून मध्यकाबद्दल काहीच कळत नाही’ असा नियम पाठ करशील तर पुन्हा फसशील. पाच कुटुंबांची सरासरी १०,००० आहे. मध्यक २०,००० पेक्षा कमी आहे का? एकूण ५०,०००. मध्यक २०,००० असता तर तिसरं, चौथं आणि पाचवं अशी तीन कुटुंबं प्रत्येकी किमान २०,००० ची, म्हणजे तिघांचेच ६०,००० झाले असते. उत्पन्न शून्याखाली जात नाही, त्यामुळे ते शक्यच नाही. इथे एकटी सरासरी पुरली. नियम पाठ करण्यापेक्षा दर वेळी एकच गोष्ट करून बघ: विधान पाळणाऱ्या दोन वेगवेगळ्या वस्त्या उभ्या करता येतात का, एक ‘हो’ म्हणणारी आणि एक ‘नाही’ म्हणणारी? दोन उभ्या राहिल्या की विधान अपुरं. दुसरी काही केल्या उभी राहत नसेल, तर का राहत नाही ते शोध. ते कारण सापडलं की विधान पुरेसं ठरलं.

‘विस्तार’ दिला, म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उत्पन्नातला फरक, तरीही असंच करायचं. ९ घरं आहेत. मध्यक ३५,००० पेक्षा जास्त आहे का? विधान १: विस्तार १२,०००. विधान २: सर्वांत जास्त उत्पन्न ४६,०००. एकेकटी तर अपुरीच. एकत्र घेतली की सर्वांत कमी ३४,००० मिळतं, दोन्ही टोकं हातात येतात आणि सगळं कळल्यासारखं वाटतं. पण पाच घरं ३४,००० ची असतील तर मध्यक ३४,०००, आणि मधलं घर ४०,००० चं असेल तर ४०,०००. पर्याय ई. खूप माहिती मिळाली याचा अर्थ पुरेशी मिळाली असा होत नाही.

आता तुझे तीन पर्याय.

हे प्रश्न सोडून देणं मला मान्य नाही. आताच्या जीमॅटमध्ये डेटा सफिशियन्सी क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या विभागात, नाही, डेटा इन्साइट्स या विभागात असते. ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे सरासरी सव्वादोन मिनिटं एकेकाला. या विभागाचं वजन एकूण गुणांत क्वांट आणि व्हर्बल (इंग्रजी भाषेचा विभाग) इतकंच आहे. शिवाय पुढचे प्रश्न आधीच्या उत्तरांवर ठरतात आणि शेवटी प्रश्न कोरे राहिले तर गुण कापले जातात. त्यामुळे सोडून देणं महाग पडतं, आणि एकाच प्रश्नावर सात मिनिटं बसणं त्याहून महाग. अडीच मिनिटं झाली की जेवढं कळलंय त्यावर निवड कर, खूण करून ठेव आणि पुढे जा. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर तीन उत्तरांपर्यंत बदलता येतात. निवड करतानाही अंधारात उडी नको. पहिलं विधान पुरेसं हे नक्की असेल तर पर्याय ए किंवा डी, दोनच उरतात. ते अपुरं हे नक्की असेल तर बी, सी, ई. एका विधानाचा निकाल लागला तरी अर्धं काम झालं. या विभागात पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, पण या प्रश्नांत हात त्याच्याकडे गेला की थांब आणि स्वतःला विचार, मी पुन्हा उत्तर काढायला बसले का?

क्लास आत्ताच नको. यजमान काळजीपोटी म्हणतात हे दिसतं, पण पैसे भरायच्या आधी चूक कुठली आहे ते तरी कळू दे. तीन आठवडे रोज चारच प्रश्न सोडव. वहीत गणित लिहू नकोस, चुकण्याचं कारण एका ओळीत लिही: ‘आकडा काढत बसले’, ‘पहिलं विधान दुसऱ्यात मिसळलं’, ‘ठाम नाही ला अपुरं म्हटलं’, ‘सम संख्या विसरले’, ‘ॲट लीस्ट चुकीचं वाचलं’. दुसरं विधान सुरुवातीला हाताने झाकून ठेव, अगदी शाळकरी वाटलं तरी. दोन्ही विधानं एकमेकांच्या विरोधात कधीच जात नाहीत हेही लक्षात असू दे. तुझ्या हिशेबात ती भांडत असतील तर एखादं चुकीचं वाचलं गेलं आहे. तीन आठवड्यांनी यादी बघ. कारणं बहुतेक सवयीची असतील तर क्लास काही वेगळं देणार नाही. असमानता किंवा गुणोत्तरच कळत नाही असं निघालं तर बाबा घरातच आहेत. परीक्षा घेणाऱ्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत मिळतात. त्यातली एक चौथ्या आठवड्यात दे, दुसरी परीक्षेच्या दहा दिवस आधीपर्यंत राखून ठेव. पहिलीनंतरही वेळेचं गणित बसलं नाही, तर क्लासचा विचार तेव्हा करता येईल.

ऑफिसला मेट्रोने जात असशील तर छत्रपती चौक ते खापरी या वेळात कागद-पेन न घेता एवढंच कर: मनात एक संख्या घे, ४७, ६२, ११०, आणि तिचा मधला कितवा ते सांग. सम असेल तर मधले दोघे. हे जिभेवर आलं की परीक्षेत पहिली पंधरा सेकंदं वाचतात.

यूपीएससी पूर्व परीक्षेतल्या सीसॅट पेपरची किंवा बँकेच्या पीओची तयारी करणाऱ्या आणि हे वाचणाऱ्या मुलामुलींनाही यातलं बरंचसं लागू आहे. सीसॅटच्या अभ्यासक्रमात डेटा सफिशियन्सीचा उल्लेखच आहे आणि पातळी दहावीची आहे. पण तुमच्याकडे पर्यायांची शब्दरचना दर वेळी वेगळी असू शकते, म्हणून आधी पर्याय नीट वाचा. शिवाय सीसॅटला चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण जातात, तेव्हा वर सांगितलेली अंदाजाची निवड जशीच्या तशी उचलू नका. दोनच पर्याय उरले असतील तरच हात घाला.

राहिले बाबा. दहावीचं पुस्तक पुन्हा काढ या त्यांच्या सल्ल्यातला ‘सांख्यिकी’चा भाग नक्की ऐक, पण गणितं सोडवायला नको. पुस्तकातली एक सारणी त्यांना घेऊ दे, त्यातल्या दोन वारंवारता झाकू दे आणि दोन विधानं तयार करू दे. तू फक्त ‘पुरेसं’ किंवा ‘अपुरं’ म्हणायचं, आणि अपुरं म्हटलंस तर ‘हो’ची एक आणि ‘नाही’ची एक अशी दोन उदाहरणं त्यांच्यासमोर ठेवायची. दुसऱ्या दिवशी उलट: विधानं तू रचायची, निकाल त्यांनी द्यायचा. त्यांच्या प्रश्नाला शब्दांत उत्तर देण्यापेक्षा हे सोपं जाईल.

सुरुवात वरच्या ९ घरांपासूनच करा. विस्तार १२,००० च राहू दे, फक्त सर्वांत जास्त उत्पन्न ४६,००० च्या ऐवजी ४८,००० करा. प्रश्न तोच, मध्यक ३५,००० पेक्षा जास्त आहे का? बाबा पेन उचलायच्या आत तुझा निकाल सांग, आणि पुढच्या पत्रात मला पर्याय कळव. आकडा नको.

तुझी,
सल्लागार मैत्रीण